मामाजींच्या खोलीतली ऊब

आदिलाबादला थंडी पडते हे बाहेरच्या माणसाला पटवून देणं अवघड जातं. हैदराबादला शिकायला गेलेली माझी मुलगी पहिल्या वर्षी मैत्रिणींना सांगून थकली, की आमच्याकडे डिसेंबरात सकाळी नळाखाली हात धरवत नाही. त्यांना ते खोटंच वाटायचं. आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याला आमचं घर वस्तीच्या कडेला आहे. समोर मोकळी शेतं, पलीकडे तलाव, आणि तिथून निघालेला वारा मधे कुठे अडत नाही, थेट आमच्या व्हरांड्यात येतो.

घरात आम्ही तिघं. मी मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. नवरा उटनूरला सरकारी कार्यालयात आहे. सकाळच्या बसने जातो आणि दिवेलागणीला परततो. आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. त्यांनी तहसील कचेरीत सगळी नोकरी केली. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यातली कचेरी गेली नव्हती. फाईलला ते मिसल म्हणायचे आणि पाहणीला मुआयना. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, आणि कोणत्या गावाचा कोणत्या गावाशी शिवेवरून वाद होता हे विचारलं की न अडखळता सांगायचे. मी हे मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात आम्हाला सगळ्यात जास्त गोंधळात कोणी टाकलं असेल तर या तल्लख म्हाताऱ्या माणसाने.

त्या हिवाळ्यात मामाजींचे गुडघे फार दुखत होते. विजेचा हिटर होता, पण तो लावून पाण्याची मोटर सुरू केली की फ्यूज उडायचा. नवऱ्याचा एक मित्र उत्तरेकडच्या डोंगराळ भागात नोकरी करून नुकताच परत आला होता. त्याच्याकडे गॅसवर चालणारा हिटर होता. इकडे त्याला तो लागणार नव्हता, म्हणून त्याने आम्हाला दिला. चाकं लावलेल्या लहानशा कपाटासारखा तो दिसायचा. मागच्या पोकळीत स्वयंपाकाचा सिलिंडर उभा ठेवायचा, रेग्युलेटर लावायचा, पुढचं बटण दाबून धरायचं. टिच असा आवाज होऊन खाली एक बारीक निळी ज्योत पेटायची, आणि मग जाळीमागच्या पांढऱ्या चिनीमातीच्या फरश्या हळूहळू नारिंगी होत जायच्या. ज्या दिवशी तो पहिल्यांदा पेटवला त्या दिवशी आम्ही तिघंही त्याच्यापुढे खुर्च्या मांडून बसलो होतो. मामाजी तळवे पुढे धरून म्हणाले, की आता माणसात आल्यासारखं वाटून राह्यलं.

आम्ही निष्काळजी होतो असं मला वाटत नाही. नवऱ्याने रबरी नळी नवी आणली होती. वाटीत साबणाचा फेस करून नळीच्या दोन्ही टोकांना लावला, बुडबुडा येतो का ते वाकून पाहिलं. बुडबुडा आला नाही. मी वास घेतला, वास नव्हता. गॅस म्हटला की गळती, गळती म्हटली की वास, आणि वास नाही म्हणजे धोका नाही. आमचं ज्ञान एवढ्यावर संपायचं, आणि ते संपलंय हे आम्हाला माहीत नव्हतं.

हिटर मामाजींच्या खोलीत ठेवला. खोली लहान, उत्तरेला एक खिडकी आणि वर झरोका. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून नवऱ्याने झरोक्यात पुठ्ठा बसवला, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली, आणि मी दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी ठेवली. खोली छान तापायची. पण एक अडचण होती. हिटर बराच वेळ चालला की आपोआप विझायचा. पुन्हा पेटवला की थोडा वेळ चालून पुन्हा विझायचा. सिलिंडर भरलेला असायचा. दार उघडून चहा आणायला गेलं, परत आलं, की मात्र झटकन पेटायचा. आम्हाला वाटलं, जुनं मशीन आहे, काहीतरी सैल झालं असेल.

बाजारात शेगड्या दुरुस्त करणारा एक माणूस आहे, त्याला बोलावलं. त्याने असला हिटर आधी पाहिला नव्हता, आणि तसं त्याने हिंदीत सांगितलंही. पण मागचा पत्रा उघडून त्याने त्या बारीक ज्योतीपाशी काहीतरी सरकवलं, पुन्हा पत्रा लावला, आणि म्हणाला की आता बंद पडणार नाही. खरंच पडला नाही. सबंध दुपारभर चालला. आम्ही त्याला चहा पाजून पाठवला.

त्यानंतर मामाजी बदलायला लागले. अगदी लगेच नाही, म्हणून दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडला नाही. आधी त्यांचं डोकं दुखायला लागलं. मग जेवण कमी झालं. पोळी चुरून ठेवायचे आणि मळमळतं म्हणून ताट सरकवायचे. मग एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर ते सदऱ्यावर सदरा घालून बसलेले. मला म्हणाले, "साहेब आले का? मिसल कोठी ठेवली, मले सापडून नाही राह्यली." मी म्हटलं कोणती मिसल, मामाजी. ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत मी कोण आहे हा प्रश्न मला स्पष्ट दिसला. त्या आधी तसं कधी झालं नव्हतं. मी पदर सारखा करत तिथेच उभी राहिले.

आणखी एक सवय त्यांना लागली. ते सारखे उठून दार उघडायचे. दाराखालची गुंडाळी पायाने बाजूला सारायचे, कडी काढायचे आणि चौकटीत उभे राहायचे. बाहेरचा वारा आत यायचा. मी दार लावायची, ते पुन्हा उघडायचे. कधी कधी व्हरांड्यात येऊन पायरीवर बसायचे, पायात चप्पल नाही, अंगावर शाल नाही.

एकदा मी जरा वैतागूनच विचारलं, "मामाजी, इतकी थंडी हाय, काऊन उघडता दार?"

ते विचारात पडले. खरोखर उत्तर शोधत होते. मग म्हणाले, "मलेही समजत नाही, बाई. हात जाते कडीवर."

हे मी नवऱ्याला सांगितलं. त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या आईचं असंच सुरू झालं होतं. ती घरातून निघून जायची. त्याने मामाजींच्या खोलीच्या दाराला बाहेरून वरच्या अंगाला कडी बसवायचं ठरवलं, सुताराला सांगूनही ठेवलं. सुतार त्या आठवड्यात आला नाही. तो आला असता तर, हा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

गावातल्या डॉक्टरांनी साखर, रक्तदाब तपासला, सगळं बरं निघालं. वयाचा परिणाम असेल, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, असं ते म्हणाले. आमच्याकडची मराठी माणसं मोठ्या दुखण्याला नागपूर गाठतात. आम्हीही गाडी केली. सकाळी निघताना मामाजींना गाडीत बसवायला दोघांनी धरावं लागलं. पैनगंगेच्या पुलापर्यंत ते डोळे मिटून होते. पुढे पांढरकवड्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी स्वतःहून भजी मागितली. वाटेत पिकं बघून कापसाची दुसरी वेचणी उशिरा दिसते म्हणाले. नागपूरला डॉक्टरांनी वार, महिना विचारला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. मामाजींनी सगळं बरोबर केलं, आणि वर डॉक्टरांनाच विचारलं की तुमचं मूळ गाव कोणतं. डॉक्टर आमच्याकडे अशा नजरेने पाहू लागले, की या धडधाकट माणसाला तुम्ही कशाला आणलंत.

परतीच्या वाटेवर आम्हाला आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो गोंधळ. घरी आलो, हिटर पेटवला, आणि एक-दोन दिवसांत मामाजी पुन्हा मला ओळखेनासे झाले.

आता आम्ही एकेका गोष्टीवर संशय घ्यायला लागलो. प्रवासात बरे वाटतात म्हणजे घरात एकटे पडत असतील, असं नवऱ्याला वाटलं. मला पाण्याचा संशय आला, म्हणून पाणी उकळून द्यायला लागले. मग खोकल्याचं औषध बंद केलं. बेल्लमपल्लीच्या माझ्या नणंदेने फोनवर सुचवलं की घराला कोणाची नजर लागली असेल, एकदा उतरवून टाका. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण त्या दिवशी मीठ-मोहऱ्या हातात घेऊन मी मामाजींच्या भोवती फिरवल्या. हिटरही चालूच होता.

खरं तर तोवर माझंही बिनसलं होतं. शाळेत मी बरी असायची. सुट्टीच्या दिवशी मात्र कपाळ ठणकायचं, पायांत गोळे यायचे. थंडीच्या दिवसांत मामाजींची खोली घरातली सगळ्यात उबदार, त्यामुळे सुट्टीला मी वह्या, भाजी, शिवण सगळं घेऊन तिथेच बसायची. चहात साखरेऐवजी मीठ पडलं. धुतलेले कपडे मी पुन्हा भिजत घातले. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तपासून आले, नंबर तोच होता. माझ्या वयात बायकांना असं होतं असं कोणीतरी सांगितलं, आणि मी ते मान्य करून टाकलं. सासऱ्याचा आजार सुनेला लागतो का, असाही एक विचार माझ्या मनात येऊन गेला. मी तो कोणाला सांगितला नाही.

तो रविवार होता. ढग आले होते, ऊन नव्हतं. नवऱ्याला कसल्याशा तपासणीसाठी सुट्टीतही उटनूरला जावं लागलं होतं. जेवणं झाल्यावर मी सहामाहीच्या उत्तरपत्रिका घेऊन मामाजींच्या खोलीत बसले. ते पलंगावर भिंतीला टेकून होते. हिटर सकाळपासून चालू होता. त्याच्यामागच्या भिंतीवर काळपट डाग धरला होता, तो पुसायला हवा असं मला वाटल्याचं आठवतं. जाळीमागच्या फरश्यांचा नारिंगी रंग एका कोपऱ्यात पिवळा होऊन हलत होता. तोही मी पाहिला होता. पाहणं आणि समजणं यांच्यामध्ये त्या दिवशी फार अंतर पडलं होतं.

एका पोराने लिहिलं होतं, गोदावरी नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. मी लाल पेन टेकवलं आणि थांबले. हे बरोबर की चूक ते मला ठरवता येईना. मी डोळ्यांपुढे नकाशा आणला, तो येत होता, पण उलटा होत होता. पूर्व कुठे असते? मी खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे. इतकी वर्षं मी ज्या घरात राहते त्याची पूर्व मला सापडेना. हसू आलं. मग त्या पोराला पूर्ण गुण देऊन टाकले आणि पुढचं पान उलटलं, तर तिथली अक्षरं तेलुगू आहेत की मराठी तेच समजेना.

मामाजी उठले. त्यांनी भिंत धरली, मग खुर्चीची पाठ, मग दार. कडी काढली. दार उघडून ते बाहेर गेले, आणि पायरीपर्यंत न पोचता व्हरांड्यातच बसले, मग आडवे झाले. मला हे सगळं दिसत होतं. मला राग आला. आता वारा येणार, उत्तरपत्रिका उडणार, हे पुन्हा आजारी पडणार. मी त्यांना आत आणायला उठले. पायांत जीव नव्हता. मी उभी होते की बसले होते हे सांगता येणार नाही, पण दार हळूहळू जवळ येत होतं एवढं खरं. मला त्यांना आत ओढायचं होतं आणि दार लावायचं होतं. डोक्यात फक्त तेवढंच होतं, दार लावायचं.

उंबऱ्यावर माझा पाय अडकला आणि मी पडले, अर्धी आत, अर्धी बाहेर. गालाला थंड फरशी लागली. ती बरी वाटली.

शेजारच्या घरात तेलुगू बोलणाऱ्या बाई राहतात, माझ्याहून मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणते. त्या गच्चीवर कपडे काढायला गेल्या होत्या, तिथून त्यांना आधी मामाजी दिसले आणि मग मी. त्या धावत आल्या. "एमैंदी, एमैंदी," म्हणजे काय झालं, एवढं मला कळलं. मी बोलायला गेले, पण तोंडातून जे निघालं ते कोणत्याच भाषेतलं नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्या उंबऱ्याशी आल्या, आतली गरम हवा त्यांच्या तोंडावर आली, आणि त्यांनी नाकाला पदर लावून माझे हात धरून मला बाहेर ओढलं. त्या सारखं म्हणत होत्या, "गाली, गाली रावाली." माझा जन्म इथला. तेलुगूत गाली म्हणजे हवा, रावाली म्हणजे यायला हवी, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या घटकेला मला फक्त हिंदीतली गाली ऐकू येत होती. ही बाई इतकी चांगली, आणि ही आपल्याला शिव्या काऊन देते, हे काही केल्या उलगडेना. मला रडू आलं.

अक्कांच्या मुलाने गाडी काढली. शहरातल्या दवाखान्यात नेईपर्यंत मामाजी शुद्धीवर होते, माझ्यापेक्षा बरे होते. नर्सने माझ्या बोटाला चिमटा लावून यंत्र पाहिलं आणि आकडा चांगला आहे म्हणाली. तिलाही पेच पडला. माणूस धड बोलत नाही आणि यंत्र म्हणतं सगळं ठीक. तेवढ्यात डॉक्टर आल्या, तरुण होत्या. त्यांनी यंत्राकडे न पाहता अक्कांना विचारलं, "घरात बंद खोलीत काही जळतं का?" अक्कांनी हिटरचं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच आम्हा दोघांच्या तोंडावर प्राणवायूचे मास्क लावले आणि ते काढू नका म्हणून बजावलं. रक्त तपासायला पाठवलं.

थोड्या वेळाने माझ्या डोक्यातलं धुकं एकेक पदर उतरावा तसं उतरायला लागलं. ढग पांगले होते, खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती. ती बाजू पश्चिम, हे मला आपोआप समजलं, आणि मी मास्कच्या आत मोठ्याने गोदावरी, गोदावरी म्हणाले. शेजारच्या खाटेवरून मामाजींनी मान वळवून पाहिलं. आता सूनबाईचंही गेलं, असं त्यांना वाटलं असणार.

नवरा उटनूरहून थेट दवाखान्यात आला. डॉक्टरांनी त्याला बाजूला नेऊन समजावलं, ते मला ऐकू येत होतं. हवा पुरेशी नसली, की गॅस अर्धवट जळतो आणि एक विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा घेतो. बोटाच्या यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून आकडा चांगला दिसतो.

"पण वास तर आलाच नाही," नवरा म्हणाला. "आमी फेस लावून पाहिलं होतं."

डॉक्टर म्हणाल्या की गळती नव्हतीच. जे जळलं ते विष झालं.

तो पुन्हा तेच म्हणाला, फेस लावून पाहिलं होतं. त्याला काय म्हणायचं होतं ते मला समजत होतं. आम्ही धोक्याची वाट एका दाराशी बसून पाहत होतो, आणि तो आमच्या पाठीमागे बसलेला होता.

आम्हाला घरी सोडल्यावर नवऱ्याने सगळ्यात आधी मित्राला फोन केला. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मीही ऐकलं. मित्राने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आधी तो मधेच विझत नव्हता का? नवरा म्हणाला की विझायचा, म्हणून तर दुरुस्त करून घेतला.

मग मित्र म्हणाला, "अरे, विझायचा म्हणजे बरोबर चालून राह्यला होता. खोलीतली हवा संपत आली की तो सोतःहून बंद होते. आमी तिकडे विझला की खिडकी उघडत होतो."

आपण हे सांगायला हवं होतं, हे त्याचं म्हणणं. आपण विचारायला हवं होतं, हे नवऱ्याचं. दोघंही बराच वेळ स्वतःवरच दोष घेत राहिले. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकून पडले होते. यंत्र आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होतं. मामाजी पुन्हा पुन्हा दार उघडून सांगत होते. एकाला आम्ही दुरुस्त केलं आणि दुसऱ्याला नागपूरला नेलं.

हिटर भंगारात द्यायचा असं माझं मत होतं. नवऱ्याचं म्हणणं पडलं की वस्तूची चूक नाही, ती नीट वापरायला शिकू. त्याने अशा हिटरची देखभाल करणारं दुकान नागपुरात शोधलं, तिथे तो नेऊन सरकवलेला भाग बदलून घेतला, आतली धूळ आणि काजळी साफ करून घेतली. दुकानदाराने त्याला जे सांगितलं ते तो मला आणि मामाजींना समोर बसवून सांगायला लागला. झोपायच्या खोलीत ठेवायचा नाही, आणि चालू ठेवून झोपायचं तर कधीच नाही. पडदा, गादी, वाळत घातलेले कपडे त्याच्या पुढ्यातून लांब. सिलिंडर उभाच, आडवा नाही, आणि बदलायचा तर हिटर विझवून, थंड करून, घरात दुसरीकडे कुठे आग नाही हे बघून. दरवर्षी साफसफाई. ज्योत पिवळी दिसली, भिंत काळी व्हायला लागली, की लगेच बंद. आणि जोवर तो चालू आहे तोवर खिडकी उघडी.

मामाजी लक्ष देऊन ऐकत होते. इथे त्यांनी हात वर केला.

"खिडकी उघडी ठेवाची," ते म्हणाले, "मंग थंडी आत येईल. थंडी आली की हिटर लावाचा. हिटर लावला की खिडकी उघडाची. मंग हिटर कायले लावाचा?"

सगळी नाही, वीतभर उघडी ठेवायची, असं नवरा म्हणाला. मामाजींनी विचारलं की वीत कोणाची, तुझी का माझी. मला हसू आवरलं नाही. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसत होतं, आणि प्रश्न मात्र बरोबर होता. मी भूगोलाची बाई, वारे कसे वाहतात ते पोरांना शिकवते, तरी मला अजून हे मनातून पटलेलं नाही, की ऊब धरून ठेवायची असेल तर तिचा थोडा भाग सोडून द्यावा लागतो. डोक्याने समजतं. हात मात्र खिडकी लावायलाच जातो.

आता थंडी असली की हिटर बैठकीच्या खोलीत असतो. ती मोठी आहे, दोन दारं आहेत. झरोक्यातला पुठ्ठा काढून टाकला, फटींच्या चिकटपट्ट्या खरवडून काढल्या. नवऱ्याने तो वायू ओळखून ओरडणारं एक छोटं यंत्र भिंतीवर लावलं आहे. ते अजून एकदाही ओरडलेलं नाही, तरी त्याचा लुकलुकणारा दिवा बघून मला धीर येतो की धास्ती, हे मला सांगता येत नाही. संध्याकाळी आम्ही थोडा वेळ हिटर लावतो, सगळे जागे असतो, आणि उठताना विझवतो. दोनदा तो आपोआप विझला. आम्ही तिघंही एकदम उठलो आणि दार उघडायला निघालो.

मामाजी त्याच्यापासून लांब बसतात. त्यांनी दुपारचं ऊन गाठायची सवय लावून घेतली आहे. कानटोपी, शाल, दोन पायमोजे, आणि व्हरांड्यात खुर्ची. त्या रविवारचं त्यांना फारसं आठवत नाही. मी एकदा विचारलं की तुम्हाला कळलं होतं का, खोलीत काहीतरी वाईट आहे म्हणून तुम्ही दार उघडत होता का. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले की बाई, मी खोटं काऊन सांगू, मले काही कळत नव्हतं. मी त्यांना मनातून फार मोठं श्रेय देऊन बसले होते. ते त्यांनी घेतलं नाही.

त्यांची बुद्धी परत आली, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. बरीचशी आलीही आहे. शिवेचे वाद पुन्हा तोंडपाठ आहेत, मला ओळखतात, माझ्या हातच्या भाजीला नावंही ठेवतात. पण मार्चमध्ये, ऊन चांगलं तापायला लागलं होतं, पंखे सुरू झाले होते, हिटरवर खोळ घालून तो माळ्यावर गेला होता, तेव्हा ते एकदा दुपारी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि आपल्या मुलाचं नाव विसरले. माझ्याकडे पाहून हाताने खूण करत राहिले, तो, तो, उटनूरवाला. मी नाव सांगितलं. ते हो म्हणाले आणि परत गेले.

मी हातातलं काम टाकून घरभर फिरले. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, सगळी दारं उघडी होती. शेगडीसुद्धा बंद होती. आजवर प्रत्येक गोष्टीचं कारण त्या कपाटासारख्या यंत्रात ठेवता आलं होतं, आता ठेवायला जागा नव्हती. दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, किती वायूमुळे आणि किती वयामुळे, हे असं वेगळं करून सांगता येत नाही. पुन्हा नागपूरला जायचं ठरलं आहे. मामाजी तयार आहेत. त्यांची एकच अट आहे, वाटेत पांढरकवड्याला भज्यांसाठी थांबायचं.